एक प्रत नदीपलीकडे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. तेव्हा एक वृद्ध बाई आपल्या नातवाला बरोबर घेऊन माझी वाट पाहत उभ्या असलेल्या दिसल्या. त्या नदीकाठच्या एका खेड्यातून, निपाणीला एस.टी. बदलून आल्या होत्या. त्यांचे यजमान सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या निधनानंतर निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना अडचण उभी राहिली होती. यजमानांच्या जुन्या कागदांत पत्नीचे नाव बाप्तिस्म्याचे, तर बाईंच्या आधारपत्रावर नाव शाळेतले. दोन्ही नावांची स्त्री एकच, हे सिद्ध करायचे तर १९६८ सालची विवाहाची नोंद हवी.

"दादा, जुन्या वह्यांची सीडी तुम्हीच केली म्हणं. माझ्या लग्नाचं पान तेवढं काढून द्या की," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली खरी, पण मनात चर्र झाले. ज्या चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले, तेथील विवाहाची नोंदवही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजली होती. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांनी त्या आठवड्यात आपल्या भागात काय केले, ते येथील वाचकांना सांगायला नको. कपाटाच्या तळाच्या खणात ठेवलेल्या त्या वहीची पाने एकमेकांना चिकटून बसली होती आणि फाउंटन पेनाच्या शाईचे निळे ओघळ तेवढे उरले होते. परंतु त्याही आधी, २००६ साली, दोन तरुणांना हाताशी धरून मीच त्या वहीच्या पानापानाचे छायाचित्र घेतले होते, त्याच्या तीन सीड्या करून घेतल्या होत्या आणि त्या वेळच्या फादरांना मोठ्या दिमाखाने सांगितले होते, "फादर, आता शंभर वर्षे काळजी नको."

ती शंभर वर्षे वीसही भरली नाहीत. प्रथम सीडी घालायची कोठे, हाच प्रश्न पडला, कारण नातवाच्या लॅपटॉपला तसा खणच नव्हता. निपाणीतल्या एका फोटो स्टुडिओत अडगळीत पडलेला जुना संगणक मिळाला. पहिली सीडी त्याने ओळखलीच नाही. दुसरीवर चित्रांची नावे दिसली, पण एकही चित्र उघडेना. तिसरीवरची निम्मी पाने वाचता आली, त्यांत १९६८ साल नव्हते. बाई शांतपणे बाकावर बसून होत्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहिणे मला भाग आहे.

कोठे चुकले? सीडी वाईट होती असे नव्हे. चूक माझ्या समजुतीत होती. 'एकदा साठवले की जतन झाले' असे मी धरून चाललो होतो.

घरी लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेझरच्या किरणाने त्यावर खुणा उमटवल्या जातात. बहुतेक चकत्यांत हे रंगद्रव्य सेंद्रिय असते, म्हणजे ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी ते हळूहळू विटते. आमच्या सीड्यांवर आम्ही हौसेने गोंदाची लेबले चिकटवली होती, तीही बाधली असतील. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या तीन सीड्या एकाच कपाटात ठेवल्या, त्यामुळे त्या तीन प्रती म्हणजे वस्तुतः एकच प्रत होती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वस्तू टिकणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. आपल्या पूर्वजांच्या मोडी कागदांकडे पाहा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल आजही शाबूत आहेत, कारण हातकागद आणि काजळीची शाई या दोन्ही गोष्टी चिवट. परंतु मोडी वाचणारी माणसे विरळ झाली. २०२३ साली महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा दप्तरे होती, पण ती वाचू शकणाऱ्यांची गावोगाव विचारपूस करावी लागली. संगणकाच्या जगात हीच अवस्था शंभर वर्षांत नव्हे, तर पंधरावीस वर्षांत येते. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी एके काळी प्रत्येक कार्यालयात होती. सोनी कंपनीने २०११ साली तिचे उत्पादन थांबवले, आणि आज एखाद्या पेटीत फ्लॉपी सापडलीच तर ती वाचणारे यंत्र शोधत फिरावे लागते.

या बाबतीत इंग्लंडातील एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. विल्यम राजाने १०८६ साली केलेल्या जमिनीच्या पाहणीची वही, 'डूम्सडे बुक', आज नऊशेहून अधिक वर्षांनंतरही वाचता येते. तिच्या नवव्या शताब्दीनिमित्त १९८६ साली बी.बी.सी.ने देशभरातील लोकांकडून माहिती गोळा करून नवी पाहणी केली आणि ती त्या काळच्या सर्वांत आधुनिक साधनावर, लेझरच्या मोठ्या तबकड्यांवर साठवली. या तबकड्यांना विशिष्ट संगणक आणि विशिष्ट यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांतच ती यंत्रे दुर्मिळ झाली आणि त्या माहितीला जीवदान देण्यासाठी लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांतील संशोधकांना खटपट करावी लागली. चामड्यावरचे लिखाण सुखरूप राहिले. तबकडीवरचे मात्र मरता मरता वाचले.

याचा अर्थ यंत्राकडे पाठ फिरवावी, असा मुळीच नाही. कागद पुरात भिजतो, वाळवी आणि कसर त्याला खातात, आणि त्याची एकच प्रत असते. यंत्राचा मोठा गुण हा की, त्यातील लेखाची हुबेहूब दुसरी प्रत क्षणात होते. तेव्हा कोणत्या साधनावर किती विसंबावे, एवढाच विवेक आपण करायचा.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने राहतो. वर्षानुवर्षे ते तसेच पडून राहिले, विशेषतः उष्ण जागी, तर तो भार गळू लागतो. या वस्तू नेण्या-आणण्याच्या पिशव्या आहेत, धान्याची कोठारे नव्हेत. एस.एस.डी. नावाची नवी डिस्कही याच कुळातली. संगणकात रोजच्या वापराला ती उत्तम, पण कपाटात बंद करून ठेवायला योग्य नव्हे.

फिरत्या चकतीची हार्ड डिस्क स्वस्त आणि मोठी असते. तीत मजकूर चुंबकीय खुणांनी राहतो. ती हातून पडली तर बिघडते, आणि न वापरता वर्षानुवर्षे ठेवली तरी सुरू होईलच याची खात्री नाही. तरीही घरासाठी आणि लहान चर्चसाठी आजचे व्यवहारी साधन तेच आहे. मात्र दोन घ्याव्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्या, वर्षातून एकदोनदा चालवून पाहाव्या आणि सुमारे पाच वर्षांनी सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरवावा.

चकत्यांमध्ये 'एम-डिस्क' नावाचा एक प्रकार आहे. तीत रंगद्रव्याऐवजी दगडासारखा असेंद्रिय थर असून लेझर त्यात कायमची खाच पाडतो. ती लिहिण्यासाठी तिला चालणारे खास यंत्र लागते, परंतु वाचायला साधारण डीव्हीडी किंवा ब्लू-रे यंत्र पुरते. ती हजार वर्षे टिकेल असा उत्पादकांचा दावा होता. ती मूळ कंपनी मात्र २०१६ साली दिवाळखोरीत गेली, पुढे तो व्यवसाय दुसऱ्यांनी चालवला. चकती हजार वर्षे राहिली, तरी ती वाचणारे यंत्र तेवढे राहील काय, हा प्रश्न उरतोच. एक जादा प्रत म्हणून ती घ्यावी, एकमेव म्हणून नव्हे.

मोठ्या संस्था चुंबकीय फीत वापरतात. 'एल.टी.ओ.' या जातीची फीत २००० साली १०० गिगाबाइटची होती, २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या एका फितीत १८ टेराबाइट मावतात. योग्य हवेत ती तीस वर्षे राहील असे सांगतात. परंतु तिचे यंत्र फार महाग, आणि नवव्या पिढीचे यंत्र केवळ आठव्या पिढीपर्यंतचीच फीत वाचते. म्हणजे येथेही दर काही वर्षांनी उतरवून घेणे चुकत नाही.

राहिले ते इंटरनेटवरील साठवण, ज्याला 'क्लाउड' म्हणतात. हे म्हणजे शहरातल्या पक्क्या वखारीत भाड्याने घेतलेली खोली. पूर, आग, चोरी यांचे भय कमी, पण भाडे थकले किंवा किल्ली हरवली तर माल कोणाचा? गूगलने २०२३ साली नियम जाहीर केला की, दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतील मजकूर काढून टाकता येईल. आपल्या कित्येक घरांचे फोटो आणि कागद आखातात किंवा पुण्या-मुंबईत असलेल्या एखाद्या मुलाच्या खात्यात आहेत. त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसेल, तर ती खोली कुलूपबंदच समजावी.

आता मजकुराच्या रूपाविषयी. भांडे चांगले, पण आतला पदार्थ ओळखता येत नाही, असेही होते. आपल्या कित्येक चर्चच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, अहवाल, सभासदांच्या याद्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या खाजगी मराठी टंकांत टाइप झाल्या. तो टंक नसलेल्या संगणकावर आज त्या उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. हीच नव्या काळातली मोडी! असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि अंतिम प्रत 'पीडीएफ-ए' या रूपात ठेवावी. २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या या रूपात अक्षरांचे टंक धारिकेच्या आतच ठेवावे लागतात, त्यामुळे ते बाहेर शोधावे लागत नाहीत. पानांच्या चित्रांसाठी 'टिफ' हे रूप उत्तम, आणि सोयीसाठी 'जेपेग' प्रत जवळ असावी.

व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या सुमारे ८० हजार हस्तलिखितांची चित्रे घेण्याचे काम योजले, तेव्हा दीर्घकाळ जतनासाठी खगोलशास्त्रज्ञांनी तारे-ग्रहांच्या चित्रांकरिता तयार केलेले 'फिट्स' हे रूप निवडले. कारण हे रूप कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही, आणि चित्र कसे वाचावे याची माहिती त्या धारिकेच्या आरंभीच साध्या अक्षरांत लिहिलेली असते. आपल्याला एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. परंतु तत्त्व घेण्यासारखे आहे. जे रूप सर्वांना खुले आहे, तेच निवडावे.

थोडा हिशेबही सांगतो. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ३०० बिंदू या दराने रंगीत स्कॅन करून टिफमध्ये ठेवले, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. ४०० पानांच्या वहीला साडेदहा गिगाबाइटच्या आसपास. म्हणजे ४.७ गिगाबाइटच्या तीन डीव्हीडी, किंवा २५ गिगाबाइटची एक ब्लू-रे चकती, किंवा साध्या हार्ड डिस्कचा एक कोपरा. एका कुटुंबाचे साठ-सत्तर कागद तर दोन गिगाबाइटमध्ये बसतात. जागेची अडचण आता नाहीच. अडचण आहे ती आपल्या आळसाची.

प्रत शाबूत आहे की नाही, हे कसे ओळखावे? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्यांना ही युक्ती चटकन कळेल. वहीच्या पानाच्या तळाशी बेरीज असते. पुढे कोणी एक आकडा जरी खोडला, तरी बेरीज जुळत नाही. संगणकही प्रत्येक धारिकेची अशी एक खूण काढून देतो, तिला 'चेकसम' म्हणतात. प्रत करताना ती खूण नोंदवून ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा काढून पाहावी. जुळली तर प्रत शाबूत, न जुळली तर दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून लगेच नवी करावी. आमच्या सीड्या मी २००६ नंतर एकदाही उघडून पाहिल्या नाहीत. पाचव्या वर्षी पाहिल्या असत्या, तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

कोणते कागद आधी घ्यावेत? जे इतरत्र कोठेही मिळणार नाहीत, ते. आपल्या सीमाभागात हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. एकाच घराच्या पेटीत आजोबांचा दाखला मुंबई राज्याचा, वडिलांचा म्हैसूरचा आणि मुलाचा कर्नाटकाचा निघतो. १९५६ साली राज्य बदलले, १९७३ साली राज्याचे नाव बदलले आणि २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले, पण घर मात्र तेथेच उभे आहे. त्यात पोर्तुगीज वळणाचे बाप्तिस्म्याचे नाव, मराठी शाळेतले नाव आणि कानडी कार्यालयात लिहिलेले नाव. या तिन्हींना जोडणारा दुवा एखाद्या पिवळ्या पडलेल्या चिठोऱ्यावर असतो. तेव्हा बंद पडलेल्या मराठी शाळेचा दाखला, जुन्या खरेदीपत्राची प्रत, बाप्तिस्म्याचा व विवाहाचा दाखला, सैन्यातील किंवा गिरणीतील नोकरीचे कागद हे प्रथम घ्यावेत. धारिकेला नाव देताना वर्ष आधी लिहावे, मग कागदाचा प्रकार, मग व्यक्तीचे नाव. सोबत एक यादी साध्या कागदावर हाताने लिहून ठेवावी, कारण ती उघडायला कोणतेही यंत्र लागत नाही.

आणि मूळ कागद फेकू नये. त्याचे लॅमिनेशन करू नये, त्यातून तो पुन्हा सुटत नाही. लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच, कोरड्या पाकिटात ठेवावा. मृत्युपत्राला तर २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा लागूच होत नाही, तेथे सहीचा कागदच हवा. तसेच चर्चच्या वहीत अनेकांच्या घरच्या खाजगी गोष्टी असतात. तिची पाने व्हॉट्सअॅपवर फिरवणे हा विश्वासघात होय.

असो. त्या बाईंचे पुढे काय झाले, हे जाणण्यास वाचक उत्सुक असतील.

स्टुडिओतून परतल्यावर मी खजील होऊन आमच्या फादरांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी बाईंना एकच प्रश्न विचारला, "बाई, तुमचा बाप्तिस्मा कोठे झाला?"

"बेळगावात. माझं माहेर तिकडचं."

फादरांनी तेथे फोन लावला. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचा नियम केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु आणखी एक नियम आहे. विवाह लागला की त्या चर्चने वर-वधूंच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला तसे कळवायचे आणि तेथील वहीत त्या नावापुढे विवाहाची टीप लिहायची. १९६८ साली नदीकाठच्या त्या चर्चमधील कोणा फादरांनी पावसापाण्यात पोस्टाने ती चिठ्ठी धाडली होती, आणि बेळगावातील दुसऱ्या कोणी फादरांनी ती इमानाने उतरवून घेतली होती. बाईंच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, दोन ओळींत तारीख, चर्चचे नाव आणि यजमानांचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. दहा दिवसांत दाखला हाती आला. त्यावर बाप्तिस्म्याचे नाव, आईवडिलांची नावे आणि यजमानांचे नाव एकत्र होते. शाळेच्या दाखल्यातील आईवडिलांची नावे त्याच्याशी जुळली आणि अर्ज पुढे सरकला.

संगणकाचे जाणकार आज एक सूत्र सांगतात. तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवा आणि एक दूरच्या जागी ठेवा. मी तीन प्रती केल्या होत्या, पण साधन एक आणि कपाटही एकच. त्या दोन फादरांना संगणक ठाऊक नव्हता, परंतु त्यांनी एक प्रत नदीपलीकडे ठेवली होती, आणि ती लिहिण्याचे कष्ट टाळले नव्हते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. घरातील कागद या महिन्यात स्कॅन करून घ्या. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर असू द्या. दुसरी कोल्हापूरच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या भावाकडे वेगळ्या डिस्कवर ठेवा. तिसरी क्लाउडवर ठेवा, पण तिचा पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असू द्या. आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्थानातून घरी परतल्यावर त्या प्रती उघडून पाहा. ज्यांची नावे आपण त्या दिवशी घेतो, त्यांचेच तर ते कागद.

आमच्या चर्चमध्ये हे काम आता पुन्हा सुरू झाले आहे. भिजलेल्या वहीची पाने सोडवता येतील तेवढी सोडवण्यासाठी एका जाणकाराकडे दिली आहेत. या वेळी 'शंभर वर्षे काळजी नको' असे मी फादरांना सांगितलेले नाही. दरवर्षी काळजी घेऊ, एवढेच सांगितले आहे.